बबनमामाचा ज्वालामुखी

बबनमामानं मला फसवलं. पार्वताबाईनं त्याला साथ दिली. आणि त्या दिवशी ऊन कलेपर्यंत मी मनातल्या मनात हसत होते, की या दोघांना आपण कसं गुंडाळलं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या भागात ही गोष्ट मामाच्या तोंडून सगळ्यांनी ऐकली आहे, आणि मामा ती प्रत्येक लग्नात नव्यानं सांगतो. माझी बाजू आजवर कोणी विचारली नाही. लोकांना वाटतं, बाई खानावळ चालवते, तोंडानं फटकळ आहे, तिची बाजू तिनं कधीच मांडून झाली असेल. झालेली नाही.

बारावी झाल्यावर मी बाबांकडून एक शब्द घेतला होता. वर्षभर मला पाहायला कोणी येणार नाही आणि मी कोणासमोर चहाचा ट्रे धरून उभी राहणार नाही. त्या वर्षात मी गोंडपिपरीच्या बसस्टँडसमोर खानावळ टाकून दाखवणार. चालली तर माझी, नाही चालली तर सांगाल त्या घरी मुकाट जाईन. हा शब्द मी अन्न सोडून मिळवला असं मी पुढे अनेकांना सांगितलं. खरं म्हणजे मी स्वयंपाक सोडला होता. आई तेव्हा तापानं पडलेली, मी चुलीला हात लावत नव्हते, आणि बाबांना स्वतःच्या हातची खिचडी खावी लागत होती. ती खाऊन त्यांनीच शरणागती पत्करली. तेव्हापासून माझी अशी समजूत झाली, की चंद्रपूर जिल्ह्यात माझ्याशी सौदा करून कोणी जिंकू शकत नाही. माणसाला एखादा विजय फार लवकर मिळाला की त्याचं असं होतं.

खानावळीचा माझा सगळा भरवसा चटणीवर होता. वरण-भात कोणीही वाढेल. माणूस दुसऱ्यांदा येतो तो चटणीसाठी. पण आमच्या घरचा पाटा आमच्याच भागातल्या दगडाचा, वाळूच्या दगडाचा. चटणी वाटताना तो स्वतःही थोडा वाटला जायचा. बाबा पहिला घास तोंडात घेऊन थांबायचे, डोळे मिटून दातांनी चाचपायचे आणि मग गिळायचे. घरात सवयीनं चालून गेलं, गिऱ्हाईक असं जेवत नाही. मला काळ्या दगडाचा पाटा हवा होता, वर्धा नदीच्या पलीकडचा, ज्याला टाकी लावताना ठिणगी उडते आणि जो चटणीत आपला कण सोडत नाही. हे मी दिवसातून इतक्यांदा बोलत होते, की शेजारची म्हैससुद्धा पाट्याचं नाव काढलं की मान फिरवायची.

बबनमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याच्याकडे एक जुनी जीप होती, लग्नसराईत वऱ्हाड वाहायला. एकदा कोणा कॉलेजच्या सरांना तो पश्चिमेकडे फिरवून आला आणि तेव्हापासून शहाणा झाला. वऱ्हाडापासून पुढचा सगळा काळा दगड म्हणजे पूर्वी जमीन फाटून बाहेर आलेली आग आहे, असं सरांनी त्याला सांगितलं होतं. मामानं त्यातली जमीन आणि दगड गाळला आणि आग तेवढी ठेवली.

"चाल, तुले ज्वालामुखी दाखवतो," तो मला म्हणाला. "तुया खानावळीच्या रगड्यात मंग वर्षभर कुठी जाता येनार नाई. आणि पाटाही तिकडचाच घेऊ."

"आग आहे का पन?" मी विचारलं.

"आहे ना! पाहशीलच."

आई तिथंच तांदूळ निवडत बसली होती. तिनं ऐकलं. साक्षीदार आहे. मग मी अटी ठरवल्या. रस्त्यावरचा सगळा स्वयंपाक मी करणार, बदल्यात मामानं ज्वालामुखी दाखवायचा आणि पाटा मिळवून द्यायचा. मामानं एका दमात हो म्हटलं. घासाघीस न करता हो म्हणणाऱ्या माणसापासून सावध राहावं, हे मी आज माझ्या खानावळीतल्या पोरींना शिकवते. तेव्हा मला वाटलं, मामा भोळा आहे.

दिवाळीनंतर आम्ही निघालो. मामा, आई आणि मी. धान कापणीमुळे बाबा घरीच राहिले. जीपचं मागचं दार सुतळीनं बांधलेलं होतं आणि प्रत्येक खड्ड्यात ते 'हट्' असं म्हणायचं, जणू मागून कोणी आम्हाला हाकलतंय. रॉकेलचा स्टोव्ह, पातेली, तांदळाची पिशवी, मुरमुऱ्यांचं पोतं. झाडाखाली थांबायचं, मी भात टाकायचा, मामानं पाय पसरायचे. लोणारला आम्ही तळ्याच्या काठावर उभे राहिलो. मामा दोन्ही हात पसरून म्हणाला, "हा घे ज्वालामुखी." शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, की हा खड्डा आकाशातून पडलेल्या दगडानं झाला आहे. मी ती मोठ्यानं वाचून दाखवली. मामानं पाटीकडे असं पाहिलं, जसं पाटीनंच त्याला दगा दिला. "लिहिणाऱ्याले काय मालूम," तो म्हणाला, "तो तवा होता का?" मग मी त्या दिवशी भातात मीठ घातलं नाही.

परतीचा शेवटचा दिवस वणीकडून सुरू झाला. सकाळी मामानं जीप एका आडवाटेला घातली आणि एका उघड्या टेकडीपाशी नेऊन उभी केली. टेकडीच्या कुशीत काळे दगडी खांब होते. सहा बाजूंचे, एकाला एक चिकटून, जंगल खात्याच्या डेपोत सागाच्या बल्ल्या रचून ठेवतात तसे. काही उभे, काही कलंडलेले. कोणी घडवले नव्हते, तरी घडवल्यासारखे. आज इतक्या वर्षांनी सांगते, ते सुंदर होतं. तेव्हा मी तसं कबूल केलं असतं तर सौद्यात माझी बाजू पडली असती.

"आग थंडी होता होता असे खांब बनले," मामा म्हणाला. "हात लावून पाह्य."

मी हात लावला.

"गरम आहे ना?" तो आनंदानं ओरडला.

"उन्हानं गरम आहे. तुया जीपचा पत्राही गरम आहे, मंग तोही ज्वालामुखी का?"

आई हसली नाही. आई त्या दिवशी सकाळपासून हसत नव्हती, आणि माझ्या केसांत सारखी धूळ शोधत होती. माझ्यासारख्या चाणाक्ष मुलीला त्यात काही दिसायला हवं होतं.

ज्वालामुखी बुडाला, निदान पाटा तरी, म्हणून मी रस्त्याकडेला पाटे-वरवंटे मांडून बसलेल्या एका बाईपाशी जीप थांबवायला लावली. पाटा मनासारखा होता. त्यामुळे मी त्याची निंदा सुरू केली. कड वाकडी आहे, दगड पोकळ वाजतो, टाकी उथळ आहे. बाईही पक्की होती; तिनं माझ्या आईलाच विचारलं, "पोरगी पाटा पाहून राह्यली का जावई?" मजा आली. शेवटी मी घासाघिशीतला शेवटचा डाव टाकला. उठायचं, पाठ दाखवायची, चालू लागायचं आणि मागून हाक येईपर्यंत वळून बघायचं नाही. मी उठले, पाठ दाखवली, चालू लागले. तेवढ्यात मामानं जीप माझ्यापुढे आणून उभी केली, आईनं मला दंडाला धरून आत ओढलं आणि जीप निघाली. मागून हाक आली, "वो बाई, ने, ने तुया मनानं!" मी ओरडले, "मामा, थांब!" जीपचं दार 'हट्' म्हणालं. मामा म्हणाला, "ब्रेक लागून नाई राह्यला." पुढच्या वळणावर म्हैस आली तेव्हा ब्रेक लागला.

वर्धा नदी ओलांडली. काळी माती हळूहळू मागे पडली. चंद्रपूरचा कोळशाचा वास येऊन गेला, मग सागाचं जंगल, बांबू, पिवळं पडलेलं धान. मी रागानं मुरमुरे खात होते. मुरमुरे रागानं खायची वस्तू नाही, त्यांचा पुरेसा आवाज होत नाही. दुपारी गोंडपिपरी आली. आमच्या घराचं वळण आलं. जीप वळली नाही.

"मामा गा, घर मागं राह्यलं."

"माहीत आहे ना. आष्टीच्या पुढं नाटक आहे आज. माया दोस्ताच्या गावची मंडई आहे. नाटक पाहून सकाळी येऊ."

इथं मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, नाटक लागतं, घराघरांत पाहुणे येतात आणि नाटकाच्या निमित्तानं पोरी दाखवून, पाहून, ठरवून होतात. कांदेपोह्यांचा वेगळा खर्च कोण करतो? शेंबडं पोरही हे जाणतं. मी स्वतः मैत्रिणींना बजावत असे, की दिवाळीनंतर नाटकाचं बोलावणं आलं की जुनी साडी नेसून जा. आणि त्या दिवशी वैनगंगेच्या पुलाअलीकडे आईनं पिशवीतून माझी निळी साडी काढली, "धूळ बसली वो अंगावर, बदल," म्हणाली, आणि मी पाट्याच्या दुःखात ती मुकाट बदलली. माझा संशय त्या वेळी पूर्णपणे ब्रेकमध्ये गुंतलेला होता.

गावाचं नाव सांगत नाही, अजून तिथंच राहते. सडकेला लागून घर होतं, पुढे ओटा, मागे परसात आंब्याचं झाड आणि गुरांचा गोठा. गोठ्यातून कोणी तरी घोगऱ्या आवाजात एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतं, "थांब, नराधमा! आता पळून जाशील कुठं?" नाटकातला हवालदार पाठांतर करत होता. घरच्या म्हाताऱ्या बाई, पार्वताबाई, यांनी आम्हाला पाणी दिलं. मी परसात हात धुवायला गेले आणि तिथं, भिंतीला टेकून, पाटा उभा होता. काळा, तुळतुळीत, मधोमध वापरून किंचित खोलगट झालेला. मी नखानं टिचकी मारली. घंटेसारखा वाजला.

मी लगेच तोंड वाकडं केलं. "पाटा पार झिजला जी तुमचा."

"झिजलाच आहे," पार्वताबाई म्हणाल्या. "नवी होतो तवा मायेरून आणला होता. यवतमाळकडून, बैलबंडीत."

"आता काय कामाचा? दारात पाय धुवाले ठेवला तं बरा. म्हणान तं मी नेते, तुमची अडगळ जाईन."

म्हातारीनं माझ्याकडे वर-खाली पाहिलं. "पाटा विकत देत नसते, बाई. लक्ष्मी जाते. हात पाहून देते."

"म्हंजे?"

"जवसाची चटणी वाटून दाखव. हात पसंत पडला तं पाटा तुया."

मला आनंदानं घाम फुटला. फुकट! एका चटणीवर! तरी सवयीप्रमाणे मी घासाघीस केलीच. चटणी वाटीन, पण जवस भाजून तुम्ही द्यायचे. कबूल. मी पदर खोचून बसले. भाजलेले जवस, लाल मिरची, लसूण, मीठ. त्या दगडावर वरवंटा असा फिरला, की माझ्या घरच्या पाट्यावर मी आजवर फक्त रस्ता दुरुस्त करत होते असं वाटलं. गोठ्यातून आवाज आला, "आता पळून जाशील कुठं?"

पार्वताबाईनं चटणी बोटावर घेतली आणि आभाळाकडे पाहिलं. "चटनी तं झाली. पन खायची कायच्या संग? दोन भाकरी टाक तांदळाच्या." मी म्हटलं, भाकरी टाकते, पण वांग्याची भाजी सांगाल तर नाही, वांगी मी चिरणार नाही, त्यात अळी निघाली की माझा जीव जातो. "वांगी मी चिरून देतो, बाई. तू फक्त फोडनी घाल." हेही मी जिंकले. मग ओट्यावर दोन-तीन म्हातारे येऊन बसलेले दिसले. त्यांना वाढायचं निघालं. मी म्हटलं, वाढीन, पण भांडी घासणार नाही. कबूल. म्हाताऱ्यांपैकी एकानं जेवता जेवता विचारलं, "किती शिकली, बाई?" मी म्हटलं, "तुमाले भाकर वाढ्याइतकी." ते खदखदून हसले. आई दाराआड उभी राहून डोळे मिटून काही तरी पुटपुटत होती. मला वाटलं, पाटा मिळावा म्हणून देवाला मागतेय.

जेवण आटोपलं. म्हातारे एकमेकांकडे पाहून माना डोलवू लागले. "पसंत आहे," एक म्हणाला. माझ्या चटणीला आजवर कोणी नापसंत केलं नव्हतं, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. पार्वताबाईनं वरवंटा धुतला, त्याला हळद-कुंकू लावलं, मला पाटावर बसवलं, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि वरवंटा माझ्या ओटीत ठेवला. दगड देण्याची काय छान रीत आहे या गावात, असं माझ्या मनात आलं. मी वरवंटा पदरात घट्ट धरला आणि ओरडले, "मामा! जीप मागं घे परसात, पाटा चढवू!"

सगळं घर हसलं. गोठ्यातला हवालदार, म्हणजे पार्वताबाईचा मुलगा, बाहेर आला, डोक्यावर पोलिसाची टोपी आणि खाली लुंगी, आणि मला पाहून त्यानं आधी लुंगी सावरली. मामा साखरेची पुडी सोडत होता. मी आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली. तेव्हा मला ब्रेकपासून निळ्या साडीपर्यंत सगळं एकदम उमगलं, आणि नवरा कोण तेही.

पुढचं मामा फार रंगवून सांगतो. मी वरवंटा घेऊन त्याच्या मागे जीपभोवती फिरले हे खरं. पण जितक्या फेऱ्या तो सांगतो तितक्या नव्हत्या. "मले वर्ष देलं होतं! बाबानं शब्द देला होता!" मी ओरडत होते. मामा जीपच्या पलीकडून म्हणत होता, "तुया बापानं देला ना, म्या कुठी देला?" मग मी जीपमध्ये जाऊन बसले आणि आतून सुतळीची गाठ मारली. नाटकाच्या मंडपातून पेटी-तबला जुळवल्याचा आवाज येऊ लागला. मला राग येत होता आणि रडूही येत होतं. खानावळ गेली, स्टँडसमोरची जागा गेली, वर्ष गेलं, आणि गेलं कशावर तर मीच वाढलेल्या भाकरीवर. मला कोणी दाखवायला नेलं नव्हतं. मी स्वतःच अटी घालत घालत, एकेक काम जिंकत, स्वतःला दाखवून आले होते.

थोड्या वेळानं पार्वताबाई आल्या. त्यांच्या मागून तो हवालदार पाटा उचलून घेऊन आला आणि जीपच्या बॉनेटवर ठेवून गेला.

"पाटा तुया आहे, बाई," त्या म्हणाल्या. "जबान देली होती, हात पसंत पडला. सोयरीक नाई म्हनशीन तरी ने. तुया मामानं सांगतलं होतं का पोरीले काळा पाटा पायजे, म्हनून भितीले टेकवून ठेवला. तेवढी लबाडी म्या केली. बाकी तुयाच हात होता."

मी उत्तर तयार ठेवलं होतं ते भांडणासाठी. घासाघीस न करता सगळं देऊन टाकणाऱ्या माणसाशी काय बोलायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

"मले खानावळ टाकायची आहे," मी आतूनच म्हटलं.

"मंग टाक ना."

"गोंडपिपरीले. स्टँडसमोर."

"स्टँडसमोर तं हजार झन टाकतेत. इथी सिरोंच्यापासून चंद्रपूरले जानारी सडक माया ओट्याले घासून जाते. गाड्या थांबतेत, लोकं पानी मागतेत, म्या फुकट पाजत राह्यतो. तुले घाई नाई, वर्षभर इचार कर. मी मरून नाई राह्यली."

ती घाई करत असती तर मी वाचले असते. वर्षभर विचार कर म्हटल्यावर मी तिथंच अटी सांगायला लागले. ओटा माझा. चुलीवर माझा हुकूम. मिळकतीत नवऱ्यानं हात घालायचा नाही. वांगी मी चिरणार नाही. आणि पाटा माझा, लेखी नको, तोंडी पुरे. म्हातारी प्रत्येक अटीला "बरं" म्हणत गेली. सुतळी मीच सोडली.

आज ती खानावळ चालते. सूरजागडकडून लोहखनिजाचे ट्रक दारावरून जातात, लाल धूळ उडते, आणि मी गिऱ्हाइकांची ताटं झाकत ट्रकवाल्यांना शिव्या देते. ट्रकवालेच माझी मोठी गिऱ्हाईकं आहेत. मिक्सर आहे, पण चटणी पाट्यावरच. लग्नानंतर दुसऱ्या सकाळी मी त्या पाट्यावर बसले तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. सौद्यात मी तो दगड जिंकला, पण तो त्या घरातून एक वीतही हलला नाही. हलले ती मी. पार्वताबाईचं काहीच गेलं नाही, उलट पाट्यासोबत वाटणारीही आली. मी तसं म्हटलं तेव्हा त्या वांगी चिरत होत्या. "तुलेच देला ना," म्हणाल्या. आता त्यांना दिसत कमी आणि ऐकू सोयीपुरतं येतं, पण वांगी अजून त्याच चिरतात, अळी बोटानं ओळखतात. त्यांच्याशी माझं भांडण मिटलं आहे.

मामाशी नाही. तो दर आठवड्याला गोंडपिपरीहून बसनं येतो, फुकट जेवतो, चटणी दुसऱ्यांदा मागतो आणि नव्या गिऱ्हाइकाला गोष्ट सांगतो. ज्वालामुखीचं काय झालं असं कोणी विचारलं, की पाट्याकडे बोट दाखवतो. "त्यावरच चटनी वाटून राह्यली ना! यापेक्षा जवळून कोन दाखवते?" आणि आग? "आग तं म्या जीपमध्येच बसवून नेली होती," म्हणतो, आणि ट्रकवाले टाळ्या देतात.

ही उत्तरं मला मान्य नाहीत. मी विचारलं होतं, आग आहे का. तू म्हणाला होतास, आहे ना, पाहशीलच. आईनं ऐकलं आहे, ती अजून आहे, विचारून घे. माझ्या बाजूचा स्वयंपाक मी लोणारपासून वणीपर्यंत केला, बिनमिठाचा एक भात सोडला तर चोख केला. आता तुझी बाजू. पुढच्या वेळी ताटावर बसण्याआधी, या ओट्यावर, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सांग. मामा गा, ज्वालामुखी कुठी आहे?